बर्फावरचा वकील

मुलगा खेळात चमकू लागला म्हणजे मध्यमवर्गीय घराला आनंद होतो, पण तो बेताबेताने. त्याने आणलेला कप काचेच्या कपाटात मांडला जातो, आल्यागेल्याला दाखवला जातो, मावशी-आत्यांना फोन जातात. पण तोच मुलगा एके दिवशी जेवताना म्हणाला, की "बाबा, मी आता खेळातच पडणार," तर वडिलांच्या हातातला घास तसाच राहतो आणि आई वरणाची वाटी खाली ठेवून म्हणते, "अरे, आधी डिग्री तर पदरात पाडून घे!" गेली वीसएक वर्षे कॉलेजात मराठी शिकवताना हे वाक्य मी इतक्या आईबापांच्या तोंडून ऐकले आहे, की त्याला म्हणींच्या यादीत घालायला हरकत नाही. आणि ऐकणारा मुलगा मनातल्या मनात काय म्हणतो, तेही मला ठाऊक आहे. डिग्री थांबेल, खेळ थांबायचा नाही.

वाचकहो, आज तुम्हांला एका मुलाची गोष्ट सांगायची आहे, ज्याने हे वाक्य आईबापांनी सांगण्याआधी स्वतःच स्वतःला सांगितले होते. गोष्ट इथली नव्हे. कॅनडातली आहे, आणि खेळही असा, की आपल्यापैकी बहुतेकांनी तो टीव्हीवरच पाहिला असेल. मुलाचे नाव केन ड्रायडन. खेळ बर्फावरची हॉकी. जागा गोलकीपरची.

आधी त्या जागेविषयी दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचे सारे फिके वाटेल. आपल्या हॉकीत चेंडू असतो. तिथे टणक रबराची एक चपटी चकती असते. तीन इंच व्यासाची, इंचभर जाडीची, वजन जास्तीत जास्त सहा औंस. उसळ्या मारू नयेत म्हणून सामन्याआधी ती गोठवून ठेवतात. तरबेज खेळाडूने ताकदीने मारली, तर ती ताशी शंभर मैलांच्या घरात सुटते. गोलची चौकट सहा फूट रुंद, चार फूट उंच. तिच्यासमोर पायांत स्केट्स घालून, अंगाखांद्यावर गाद्या बांधून एक माणूस उभा असतो. त्याच्या अंगावरच्या ओझ्याने आपल्याकडचा हमालसुद्धा दम खाईल. आणि १९५९ सालापर्यंत हा माणूस उघड्या तोंडाने उभा राहत असे! त्या वर्षी १ नोव्हेंबरला झाक प्लांत नावाच्या गोलकीपरचे नाक-तोंड चकतीने फुटले. टाके घालून घेतल्यावर, मुखवटा घालू द्याल तरच पुन्हा उभा राहीन, असे त्याने बजावले. तेव्हापासून मुखवट्याची रीत रुळू लागली. त्याआधीच्या गोलकीपरांच्या तोंडांचे फोटो पाहिले, की शिवणकामाच्या वर्गातले कापड आठवते.

पण दुखापत ही या जागेची खरी अडचण नव्हे. बाकीचे पाच जण 'गोल करतात'. गोलकीपर काही करीत नाही. 'त्याच्यावर गोल होतो'. एका शब्दयोगी अव्ययाच्या आधाराने या माणसाचे सारे आयुष्य जाते. अडवलेल्या तीस चकत्या कुणी मोजत नाही. सुटलेली एक मात्र फळ्यावर लागते, आणि वर दिवा पेटतो तोही लाल.

केनला या जागेची ओढ लागली ती थोरल्या भावामुळे. केनचा जन्म ८ ऑगस्ट १९४७ रोजी हॅमिल्टन शहरात झाला. वाढला तो टोरोंटोच्या कडेला इझलिंग्टन नावाच्या वस्तीत. भाऊ डेव्ह त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा. वडील मरे ड्रायडन यांनी घरामागचे अंगण मुलांसाठी पक्के डांबरी करून दिले, दोन्ही टोकांना गोल उभे केले, आणि आळीतल्या यच्चयावत पोरांना ते मोकळे ठेवले. बागेतल्या हिरवळीला प्राणापलीकडे जपणाऱ्या मुलखात हे किती मोठे औदार्य, ते तिथे राहून आलेल्यांना विचारा! टेनिसचा चेंडू, हातात काठ्या, आणि काळोख पडेपर्यंत आरडाओरडा. डेव्ह एका गोलमध्ये उभा राही. मग धाकटा दुसऱ्या गोलमध्ये. दादा पतंग उडवतो म्हणून धाकट्याने पतंग धरावा, इतके ते साधे होते.

पुढे डेव्ह खरोखरीचा गोलकीपर झाला, आणि तोही अचानक. त्या काळी नॅशनल हॉकी लीगमधले संघ एकच गोलकीपर बाळगीत. पाहुण्यांचा गोलकीपर जायबंदी झाला, तर यजमानांनी कुणीतरी पुरवायचा, असा शिरस्ता होता. १९६२ च्या फेब्रुवारीत टोरोंटोला न्यूयॉर्कच्या संघाचा गोलकीपर जखमी झाला, आणि प्रेक्षागृहात बसलेल्या वीस वर्षांच्या डेव्हला खाली बोलावून उभा केला. सामना हरला, पण घरात एक गोष्ट ठरली. ही माणसे आकाशातून उतरत नाहीत, आपल्या अंगणातूनही जातात. चौदा वर्षांच्या धाकट्याला आणखी काय हवे होते?

आता गोष्टीतला पहिला पेच. १९६४ साली, सोळाव्या वर्षी, केनचे नाव लीगच्या निवडीत चौदाव्या क्रमांकावर पुकारले गेले. पुकारले ते बॉस्टन ब्रुइन्सने. पण थोड्याच दिवसांत त्यांनी त्याचे हक्क माँट्रियल कॅनेडियन्सला देऊन टाकले. मोबदल्यात जी दोन मुले घेतली, त्यांतले एकही लीगमध्ये कधी उतरले नाही. गंमत म्हणजे ज्याची देवघेव झाली त्याला पत्ताच नव्हता! आपल्याला आधी बॉस्टनने निवडले होते, हे केनला कितीतरी वर्षांनी, स्वतः नामांकित झाल्यावर कळले. आपल्याकडे स्थळे अशी परस्पर बघतात, पण निदान मुलाला नंतर सांगतात तरी.

माँट्रियलच्या मंडळींची इच्छा अशी, की पोराने पीटरबरोच्या ज्युनियर संघात यावे. हा तिकडचा राजमार्ग. सोळा-सतराव्या वर्षी घर सोडायचे, दुसऱ्याच्या घरी राहायचे, आठवड्यातून तीनचार सामने खेळायचे. शाळा जमली तर जमली. त्यातून शंभरात एखादा वर जाई. बाकीचे विशीत घरी परतत, आणि मग गुडघे दुखत असलेल्या, न शिकलेल्या तरुणाला जी कामे मिळतात ती शोधीत. केनने हा मार्ग नाकारला. तो अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात इतिहास शिकायला गेला. त्या काळी कॉलेजची हॉकी म्हणजे धंदेवाईक लोकांच्या लेखी भातुकली. तिकडे गेलेला पोरगा वाया गेला, असेच समजत.

मला या निर्णयाचे मोठे नवल वाटते. आपल्या वर्गात अभ्यासू मुले असतात आणि खेळाडू मुले असतात. अभ्यासू मुलगा खेळ सोडतो तेव्हा त्याला फारसे काही सोडावे लागत नाही, आणि खेळाडू अभ्यास सोडतो तेव्हाही तेच. पण दोन्ही ज्याला चांगले येते, त्याने काय करावे? त्याला दोन्हीकडचे लोक म्हणतात, की एक पाय इकडे आणि एक तिकडे ठेवू नकोस, पडशील.

पडला नाही. कॉर्नेलला तीन मोसमांत त्याने ८१ सामने गोल राखला. जिंकले ७६, हरले फक्त ४, एक बरोबरीत. १९६७ साली विद्यापीठाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. १९६९ ला पदवी घेतली. अंगाने तो सहा फूट चार इंच झाला होता. इतका उंच गोलकीपर तेव्हा दुर्मीळच. बहुतेक सारे ठेंगणे, चपळ, मांजरासारखे. हा आपला ताडासारखा. आणि खेळ दुसऱ्या टोकाला गेला, की हा हॉकीची काठी समोर उभी रोवून, तिच्या टोकावर दोन्ही हात आणि हातांवर हनुवटी टेकून स्वस्थ उभा राही. जणू एस.टी.ची वाट पाहतो आहे! पुढे हीच उभे राहण्याची ढब इतकी गाजली, की काळोखात नुसती बाह्याकृती दाखवली तरी कॅनडातला माणूस नाव सांगेल.

पदवीनंतर तो विनिपेगला कॅनडाच्या राष्ट्रीय हौशी संघात गेला. तो संघच १९७० च्या जानेवारीत मोडला, कारण धंदेवाईक खेळाडू घ्यायचे की नाहीत या भांडणावरून कॅनडाने आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून अंग काढून घेतले. मग केनने काय करावे? माँट्रियलचा रस्ता धरला, पण कॅनेडियन्सबरोबर मॅक्गिल विद्यापीठाचाही. कायद्याचा अभ्यास सुरू ठेवूनच आपण खेळणार, हे त्याने करारापूर्वी ठणकावून सांगितले. कॅनेडियन्स म्हणजे हॉकीतले संस्थानिक; त्यांच्यापुढे एल्एल. बी.चे वेळापत्रक ठेवणारा बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा पाहून तिथल्या व्यवस्थापकांना काय वाटले असेल! पण त्यांनी मान्य केले. १९७०-७१ च्या मोसमात त्याला दुय्यम संघात, व्होयाजर्समध्ये ठेवले. सकाळी करारांचा कायदा, संध्याकाळी बर्फ.

इथे थोडे आडवळण घेतो, कारण ते पुण्याकडे जाते. त्याच १९७० साली केनच्या वडिलांनी, मरे ड्रायडन यांनी, पत्नी मार्गारेट यांच्यासह एक काम सुरू केले. जगातल्या गरीब मुलांना रात्री नीट निजता यावे, म्हणून अंथरूण-पांघरूण, उशी, मच्छरदाणी, कपडे असा एकेक संच द्यायचा. पहिले पन्नास संच त्यांनी कुठे वाटले, तर आपल्या पुण्यात! पुढे ही संख्या दहा लाखांच्यावर गेली, आणि कितीतरी देशांत गेली. अंगण डांबरी करून आळीतल्या पोरांना मोकळे सोडणारा हाच तो गृहस्थ, हे कळल्यावर मला तरी आश्चर्य वाटले नाही. मुलाचे नाव तोवर कॅनडातही फारसे कुणाला ठाऊक नव्हते.

ते ठाऊक व्हायला पुढचे दोन महिने पुरले. १९७१ च्या मार्चमध्ये, मोसम संपत आला असताना, कॅनेडियन्सनी त्याला वर बोलावले. १४ मार्चला पिट्सबर्गविरुद्ध पहिला सामना, ५-१ असा जिंकला. आणि २० मार्चला ती संध्याकाळ आली.

माँट्रियलमध्ये सामना होता बफेलो सेबर्सशी. बफेलोच्या गोलमध्ये कोण? डेव्ह ड्रायडन! बफेलोचा प्रशिक्षक पंच इम्लाक हा मोठा नाटकी माणूस. दोन भाऊ समोरासमोर उभे करण्याच्या हौसेने त्याने डेव्हला उतरवले. पण माँट्रियलने केनला बाकावर ठेवून रोजी व्हाशाँला पाठवलेले पाहताच त्याने डेव्हला परत बोलावून घेतले. झाले, जमलेले लोक हिरमुसले. मग दुसऱ्या सत्रात व्हाशाँला दुखापत झाली, आणि केनला उठावे लागले. इम्लाकने तत्काळ डेव्हला पुन्हा बर्फावर लोटले. लीगच्या इतिहासात दोन सख्खे भाऊ असे दोन टोकांच्या गोलांत उभे राहण्याची ही पहिलीच वेळ.

क्षणभर त्या दोघांच्या जागी उभे राहून पाहा. अंगणातला खेळ तोच, जागा त्याच. फरक इतकाच, की आता दादाच्या गोलमध्ये जाणारी प्रत्येक चकती धाकट्याच्या फायद्याची. आपण ज्याचे पाहून शिकलो, तो हरावा म्हणून आपण अंग मोडून घ्यायचे. सामना माँट्रियलने ५-२ असा जिंकला. शिट्टी वाजल्यावर दोघे भाऊ मधोमध आले आणि त्यांनी हात मिळवले. डेव्हनेही पुढे अनेक वर्षे हे काम केले. तो पेशाने शिक्षकही होता, आणि गोलकीपरच्या तोंडावर आज जो जाळीचा मुखवटा दिसतो, त्याची जडणघडण करण्यात त्याचा मोठा वाटा आहे. शिक्षकच तो, दुसऱ्यांची नाके शाबूत राहावीत ही काळजी असायचीच.

केनने मोसमातले सहा सामने खेळून सहाही जिंकले. सहा! आणि एवढ्या भांडवलावर प्रशिक्षक अल मॅक्नील यांनी स्टॅन्ले कपच्या बाद फेरीसाठी अनुभवी व्हाशाँला बाजूला सारून या विद्यार्थ्याला उभे केले. समोर कोण? बॉस्टन ब्रुइन्स. आदल्या वर्षीचे विजेते, त्या मोसमात ७८ पैकी ५७ सामने जिंकलेले, ३९९ गोल केलेले. त्यांच्या फिल एस्पोझितोने एकट्याने ७६ गोल मारले होते. तितके तोवर कुणीच मारले नव्हते. आणि बॉबी ऑर होता, ज्याच्याविषयी लिहायला दुसरा दिवाळी अंक लागेल.

पहिला सामना बॉस्टनने जिंकला. दुसऱ्यात दुसरे सत्र संपत आले तेव्हा गुणफलक दाखवीत होता: बॉस्टन ५, माँट्रियल १. पाच वेळा लाल दिवा. अशा वेळी प्रशिक्षक गोलकीपर बदलतो, आणि त्याला कुणी नावे ठेवीत नाही. मॅक्नील यांनी बदलला नाही. सत्र संपता संपता आँरी रिशारने एक गोल परत केला. तिसऱ्या सत्रात ज्याँ बेलिव्होने दोन केले. मग बरोबरी. मग आघाडी. शेवटी माँट्रियल ७, बॉस्टन ५! बॉस्टनचे प्रेक्षक आपल्याच घरात पाहुण्यासारखे बसून राहिले. या सामन्याचे श्रेय गोल करणाऱ्यांना दिले जाते, आणि ते रास्तच आहे. पण पाच गोल खाऊन सहावा न खाणारा माणूस मला जास्त ओळखीचा वाटतो.

मालिका सातव्या सामन्यापर्यंत ताणली. १८ एप्रिलला, पुन्हा बॉस्टनमध्ये, ब्रुइन्सनी त्याच्यावर ४८ फटके मारले. दोनच आत गेले. एस्पोझितोचा एक हमखास गोल त्याने लांबलचक हात टाकून असा काही हिरावला, की एस्पोझितोने रागाने काठी आपटली. त्याने या पोराला जिराफ म्हटले, तेही चोर जिराफ, असे सांगतात. माँट्रियलने सामना ४-२ असा घेतला.

पुढे मिनेसोटा, आणि अंतिम फेरीत शिकागो. तिथेही सात सामने. आणि शिकागोच्या गोलमध्ये कोण असावा? फिलचा सख्खा भाऊ, टोनी एस्पोझितो! तोही कॉलेजातून आलेला, आणि एके काळी माँट्रियलनेच सोडून दिलेला. १८ मे १९७१. शिकागोने दोन गोलांची आघाडी घेतली. मग झाक लमेरने फार दुरून, जवळजवळ मैदानाच्या मधून, एक चकती सहज भिरकावली, आणि ती टोनीच्या नजरेतून निसटून आत गेली. त्या एका चकतीसाठी टोनीला लोकांनी जन्मभर बोलून घेतले. त्याने त्या आयुष्यात अडवलेल्या हजारो चकत्यांचे काय, हे कुणी विचारले नाही. रिशारने दोन गोल करून ३-२ केले. अखेरीस शिकागोच्या जिम पॅपिनने अगदी जवळून मारलेली चकती केनच्या पायाने अडवली, आणि कप माँट्रियलला गेला. बेलिव्होचा तो शेवटचा सामना ठरला, केनचा म्हणावा तर पहिलाच मोसम.

बाद फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइद करंडक केनला मिळाला. पुढच्या वर्षी, १९७२ साली, त्याला आणखी एक करंडक मिळाला: उत्तम *नवोदित* खेळाडूचा! नियमच तसा होता. आदल्या मोसमात सहाच सामने खेळल्यामुळे तो कागदोपत्री नवखाच राहिला होता. आधी श्रेष्ठ, नंतर होतकरू. आमच्या विद्यापीठातल्या निकालपत्रिकांत असे कधीकधी चुकून होते. तिथे नियमाने झाले.

आणि मधल्या उन्हाळ्यात, कप जिंकून आलेला हा चोवीस वर्षांचा वीर कुठे होता? वॉशिंग्टनमध्ये, ग्राहकांच्या हक्कांसाठी मोठमोठ्या कंपन्यांशी भांडणाऱ्या राल्फ नेडर यांच्या हाताखाली काम करीत. नंतर पुन्हा मॅक्गिल. १९७३ साली कायद्याची पदवी हातात पडली. तोवर आणखी एक स्टॅन्ले कप झाला होता, आणि १९७२ च्या सप्टेंबरात सोव्हिएत संघाविरुद्धची ती प्रसिद्ध मालिकाही झाली होती. तीत त्याने पहिला सामना ७-३ असा सपाटून हरून, मॉस्कोतला शेवटचा ६-५ असा राखला.

वकिलीची सनद मिळवण्यासाठी तिकडे एका कार्यालयात उमेदवारी करावी लागते. १९७३ मध्ये कॅनेडियन्सशी पगारावरून त्याचे बिनसले. इतर खेळाडू अशा वेळी गप्प बसत, कारण दुसरे काही येत नसे. याला येत होते. त्याने संघ सोडला, टोरोंटोला जाऊन आठवड्याला दीडशे डॉलरहूनही कमी पगारावर एका वकिलाच्या कचेरीत उमेदवार म्हणून रुजू झाला, आणि अख्खा मोसम तिथे फायली चाळीत बसला. हौस म्हणून टोरोंटोतल्या एका कारखानी लीगमध्ये खेळे, तेही गोलमध्ये नव्हे, बचावफळीत! इकडे माँट्रियलवर आदल्या मोसमात १८४ गोल झाले होते. या मोसमात २४० झाले, आणि बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात संघ गारद झाला. हिशेब कुणालाही समजण्याजोगा होता. १९७४ मध्ये त्याला वाढीव पगारावर परत बोलावले.

पुढचे सारे नोंदवहीत आहे. एकूण सहा स्टॅन्ले कप, त्यांतले शेवटचे चार ओळीने. १९७९ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, निवृत्ती. १९८३ साली खेळावरचे एक पुस्तक, जे तिकडे खेळाच्या पुस्तकांत अग्रगण्य मानतात. नंतर संसदेत निवडणूक आणि मंत्रिपद. ५ सप्टेंबर २०२५ रोजी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तो गेला. दादा डेव्ह त्याच्या तीन वर्षे आधी गेला होता.